आबांच्या कुत्र्याचा पाय

दुपारचे अडीच वाजलेत. मी मधल्या खोलीत कॉटवर पडलेय आणि झोप लागलीय की नाही, ते मला कळत नाहीये. पंख्याचा आवाज येतोय, म्हणजे जागी असेन. पण आवाज मधेच बंद होतो आणि पंखा मात्र फिरत राहतो. म्हणजे बहुतेक झोपलेय.

पलीकडे स्वयंपाकघरात फ्यूज गोधडीवर पडलाय. फ्यूज म्हणजे आमचा कुत्रा. तांबूस, आठ वर्षांचा. नाव सासऱ्यांनी ठेवलेलं. आबा वीज मंडळात वायरमन होते, विट्यातल्या खांबांवर चढण्यात त्यांचा जन्म गेला. हा पिल्लू असताना चपला, वायरी, दिसेल ते कुरतडायचा. आबा म्हणायचे, "एक दिवस हा घरातला फ्यूज उडवणार." आबांना जाऊन दोन वर्षं होत आली. त्यांचा कुत्रा माझ्याकडे राहिला.

दहा दिवसांपूर्वी त्याचा मागचा डावा पाय मांडीपासून काढला. गुडघ्यावर हाडाला गाठ आली होती, कॅन्सरची. मिरजेच्या शिकलगार डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाय ठेवला तर रोज कळा सोसत राहील. काढला तर जे काही महिने मिळतील ते सुखाचे जातील." मी तिथल्या तिथे सही केली. रणजितला, माझ्या नवऱ्याला, फोन केला तो नंतर.

तीन पायांवर कुत्री दोन-चार दिवसांत चालतात, असं बाईंनी सांगितलं होतं. फ्यूज चालत नाही. पोटाखालून टॉवेल घालून उचलला तर शू करण्यापुरता उभा राहतो, टॉवेल सोडला की बसतो. जखम भरलीय, ताप नाही, दूधभात थोडा खातो. पण "फ्यूज, ये" म्हटलं की तोंड भिंतीकडे करतो. काल रणजित म्हणाला, "जयू, उगीच केलंस. त्याला नको होतं ते." तेव्हापासून मी फ्यूजला हाक मारलेली नाही. आता दह्यातून गोळी दिली, लादी पुसली आणि इथे येऊन पडले.

"कोण पडलंय आत?" कुणीतरी विचारतं.

"फ्यूज," मी म्हणते.

दारात आबा उभे आहेत. खाकी पँट, कमरेला चामड्याचा पट्टा, खांद्यावर दोराचं वेटोळं. आबा गेलेत हे मला नीट माहीत आहे. तरी माझ्या मनात पहिला विचार येतो तो हा, की भात एकालाच पुरेल एवढा उरलाय.

"आबा, कधी आलात?"

"लाइट गेली म्हणून तूच फोन केलावतास न्हवं?"

मी केला नव्हता. पण तसं सांगायला जीभ उचलत नाही. "हो," मी म्हणते.

त्यांच्या दोन्ही पायांत बूट आहेत. मी बघते, नजर काढून घेते आणि पुन्हा बघते. शेवटच्या दिवसांत त्यांचा उजवा पाय बँडेजमध्ये होता. साखरेच्या आजारानं जखम चिघळली, बोटं काळी पडली. गुडघ्याखालून काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. आबा म्हणाले, "खांबावर चढलेला माणूस मी. अर्धा पाय घेऊन अंगणात बसायचं? न्हाई." रणजित माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणाले, "त्यांच्या मनाविरुद्ध नको." दीड महिन्यात आबा गेले.

"बूट घट्ट होत नाहीत?" मी विचारते.

"व्हत्यात की." आबा पुढे चालू लागतात. "चल. खांब दाखव."

मी मागोमाग जाते. स्वयंपाकघर संपत नाही. ओट्यापुढे आणखी ओटा, त्याच्यापुढे आणखी एक, सगळ्यांवर माझेच डबे. फ्यूजची गोधडी कुठे दिसत नाही. मग ओटे नसतात, बाकडी असतात, आणि बाकड्यांवर माणसं केसपेपर घेऊन बसलेली असतात. ती उठून आम्हाला जागा देतात. आबांच्या आणि माझ्या मधे फ्यूज बसलाय. चारही पाय आहेत त्याला. मी मोजते. दुसऱ्यांदा मोजल्यावर तीन भरतात. तिसऱ्यांदा मोजायचा मला धीर होत नाही.

"पायवाले कोण?" नर्स हाक मारते.

आबा उठतात. फ्यूजही उठतो. मीपण उठते.

नर्स माझ्यापुढे कागद धरते. "इथं सही करा."

कागदावर नाव नाही. नुसतं 'पाय' असं लिहिलंय, त्याखाली रेघ.

"पण कुणाचा?" मी विचारते.

"ते तुम्हाला ठाऊक."

मला ठाऊक नाही. मी आबांकडे बघते, ते फ्यूजच्या कानामागे खाजवत बसलेत. तो डोळे मिटून मान वर करतो, अगदी पूर्वी करायचा तसा. गेल्या दहा दिवसांत त्याने मला असं खाजवू दिलेलं नाही. मला त्याचा राग येतो. मग आबांचा येतो. मग या दोघांत मीच कुणीतरी परकी आहे असं वाटतं आणि रडायला येतं, पण डोळ्यांतून काही येत नाही.

"आबा, मी केलं ते चुकलं का?"

"कुणाचं इचारतीस?"

"फ्यूजचं." आणि मग, "तुमचं."

"कुणाचं एक काय ते ठरव बघू."

"त्याच्या वेळी मी एका मिनिटात हो म्हणाले. तुमच्या वेळी नको म्हणून गप्प बसले. असं का केलं मी?"

आबा दोराचं वेटोळं सोडायला लागतात. दोर संपतच नाही, बाकड्यांखालून लांब जात राहतो.

"मला कुणी इचारलंच न्हाई," ते म्हणतात.

"विचारलं होतं, आबा. डॉक्टरांनी, रणजितनी, सगळ्यांनी. तुम्ही नाही म्हणालात."

"एकदा म्हणलो." ते दोराकडेच बघत बोलतात. आवाजात राग नाही. रोजच्यासारखं, साखर संपली म्हणून सांगावं तसं. "दुसऱ्यांदा कुणी इचारलं?"

मी आठवायला बघते. तो सगळा दीड महिना आठवते. मी त्यांना पेज दिली, अंगाला तेल लावलं, चादरी बदलल्या. पायाचं नाव कुणी काढलं नाही. मी त्याला त्यांचा मान राखणं समजत होते.

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?"

"मला काय म्हाईत? इचारलंच न्हाई तर कसं कळावं?"

"असं नका ना बोलू. हो की नाही ते सांगा."

पण आता बाकडी नाहीत. आम्ही मागच्या बोळात उभे आहोत, ऊन डोक्यावर आहे, आणि आबा खांबावर आहेत. शिडी नाही, दोर नाही. ते वर कधी गेले ते मी पाहिलं नाही. बोळाच्या पार पलीकडच्या टोकाला काहीतरी तांबूस पडलंय. ते फ्यूज असावं. पोतंही असेल.

"हाक मार त्याला," आबा वरून ओरडतात.

"येत नाही तो. तोंड फिरवतो."

"मग?"

"मग काय? त्याला नकोय ते."

"त्यानं सांगितलं?"

रणजितनं सांगितलं होतं. फ्यूजनं नुसतं तोंड फिरवलं होतं.

"अगं जयमाला, नको असंल तर येणार न्हाई. इचारायला तुझं काय जातंय?"

सगळ्यात कठीण तेच आहे, असं मला त्यांना सांगायचंय. एकदा 'नाही' ऐकलं की पुन्हा तोंड उघडायची मला भीती वाटते. मान राखण्याच्या नावाखाली मी मुळात घाबरते. पण हे सांगायला वर बघते तर खांबाचं टोक उन्हात दिसत नाही.

"आबा!"

मी खांबाला धरून उभी राहते.

"आबा, पाय काढायचा का? मी विचारतेय. पुन्हा विचारतेय."

तारा गुणगुणतात, तेवढंच. मी थांबते. किती वेळ थांबते ते कळत नाही. मग पलीकडच्या त्या तांबूस गोष्टीकडे तोंड करते, आणि ते पोतं असलं तरी चालेल असं ठरवून, छातीत असेल नसेल तेवढा दम लावून ओरडते, "फ्यूज! ये! फ्यूज, ये रे!"

माझ्याच आवाजानं मला जाग येते.

घसा खरखरतोय. पंखा आवाज करत फिरतोय. सव्वातीन झालेत. मी खरंच ओरडले असणार, कारण शेजारच्या कदमकाकू खिडकीतून विचारतायत, "जयमाला, काय झालं गं?" मी "काही नाही" म्हणते, आणि मग माझ्या कानाशी धाप ऐकू येते.

फ्यूज कॉटला लागून उभा आहे. टॉवेल नाही, कुणाचा हात नाही. मागचा एकुलता पाय थरथरतोय, जीभ बाहेर लोंबतेय. माझ्याकडे बघतोय की माझ्या मागे कुणाकडे, ते मला नक्की सांगता येत नाही. मी मागे वळून बघते. तिथे कुणी नाही.

मी हळूच उठते. गोधडीवरून उठताना त्यानं पाण्याचं भांडं उपडं केलेलं दिसतंय. स्वयंपाकघराच्या दारापासून माझ्या कॉटपर्यंत लादीवर ओली पावलं उमटलीयत. पुढची दोन, मागचं एक, पुढची दोन, मागचं एक. मधे, कॉटपासून दोन हातांवर, लांब फराटा आहे. तिथे तो घसरून पडला असणार. पडला, आणि तिथून पुन्हा उठला, कारण फराट्याच्या पुढेही पावलं आहेत.

मे महिन्यात लादी भराभर वाळते. दाराजवळची पावलं निम्मी गेलीसुद्धा. मी खाली बसते, एक हात फ्यूजच्या कानामागे नेते. तो मान बाजूला घेत नाही. दुसरा हात मी लांब करून त्या फराट्यावर ठेवते. अजून ओला आहे.