शुभावहिनींच्या रांगोळीसाठी लेझर

आम्ही मित्र आता क्वचितच भेटतो. पण भेटलो की पहिला चहा यायच्या आत कोणीतरी म्हणतं, "त्या पेटीचं आठवतं का?" मग कोणी कोणाला वाक्य पुरं करू देत नाही. घडत होतं तेव्हा हे कोणाला सांगावं असं वाटलंच नव्हतं. आता प्रत्येकाकडे त्याचा साठा आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. अंबरनाथ पश्चिमेला मनोहरच्या गॅलरीत रविवारी आमचा अड्डा. मनोहर कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचा ऑफिसर, मी ड्रॉइंग ऑफिसातला, आणि नंदू बदलापूरहून यायचा. त्याला कशाचाच धीर नव्हता. मनोहरच्या बायकोची, शुभावहिनींची, नजर हळूहळू जात होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. वहिनींच्या रांगोळ्या बघायला आख्खी कॉलनी यायची. त्या लाकडात खोल कोरल्या तर पुढे बोटांनी तरी बघता येतील, असं मनोहरच्या मनात आलं. "सुताराला दे की," मी म्हणालो. "तिची रेघ हवी, सुताराची नको!" म्हणून किरणाने लाकूड जाळत कोरणारं लेझर मशीन, आणि तेही घरीच!

* * *

लेझरची काचेची नळी उल्हासनगरात मिळाली, लालचंदभाईंच्या भंगाराच्या दुकानात. कुठल्यातरी मोडीत काढलेल्या मशीनमधली. मनोहरने विचारलं, "चालू आहे का?"

"साईं, चालू असती तर माझ्याकडे कशाला आली असती? पण बंद आहे असं पण कोणी बोललं नाय!"

तेवढ्यावर आम्ही ती गोधडीत गुंडाळून घरी आणली.

* * *

त्या नळीला हजारो व्होल्ट लागतात. ते देणारी पेटी, म्हणजे ड्रायव्हर, मनोहर स्वतः बनवत होता. बंद केल्यावरही तिच्या कपॅसिटरमध्ये वीज दबा धरून बसते. म्हणून नियम : पेटीत फक्त उजवा हात घालायचा, डावा खिशात. दोन्ही हात लागले तर करंट थेट छातीतून!

नंदू एकदा बिनखिशाच्या पायजम्यात आला. "खिसा नाही? मग बाहेर बस!" शेवटी वहिनींनी चाचपडत पायजम्याला खिसा शिवून दिला.

सवय अशी जडली की शेजारच्या सत्यनारायणाला आम्ही तिघेही डावा हात खिशात घालून उभे. गुरुजी म्हणाले, "अहो, देवाला हात लावून शॉक बसत नाही. जोडा दोन्ही!"

* * *

झाकण उघडलं की बंद. नळी थंड ठेवणारं पाणी थांबलं की बंद. पेडलवरचा पाय उचलला की बंद. सुरक्षेसाठी मनोहर एकेक स्विच वाढवतच होता.

"आता इतकं सेफ झालंय की चालतच नाही!" मी म्हणालो.

सगळे हसले. वहिनीही हसल्या आणि सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "माझे डोळे आहेत तोवर होईल ना?"



* * *

नंदूला ते सहन झालं नाही. पुढच्या रविवारी मनोहर आत गेलेला बघून त्याने करंट आवरणारे रेझिस्टर कमी केले आणि पेटी चालू केली. "थोडा जास्त गेला तर काय होतंय?"

टण्ण! नळी तडकली.

मनोहर धावत आला, पण ओरडला नाही. "वेळ कमी आहे रे," नंदू रडकुंडीला येऊन म्हणाला.

"माहीत आहे. पण काच उडून तुझा डोळा गेला असता तर? या घरात एक पुरे."

दुसरी नळी शोधण्यात लालचंदभाईंचा पावसाळा गेला. दिवाळी आली. वहिनींनी रांगोळी काढली नाही. दारात नुसती पणती होती. त्या रिकाम्या उंबऱ्यावर माझा पाय अडखळला होता, तो अजून अडखळतो.

* * *

आता म्हणे असलं मशीन तयार मिळतं. मला नको ते. मला सोल्डरच्या वासाचा तो रविवार हवा आहे, नंदूची कटकट हवी आहे, आत वहिनी आलं किसतायत तो आवाज हवा आहे. फार हवा आहे.

* * *

दुसरी नळी मिळाली तोवर वहिनींना फक्त उजेड-अंधार कळत होता.

गणपतीत बक्षीस मिळवलेली वहिनींची ठिपक्यांची रांगोळी मनोहरने निवडली. ती त्यांनी तेव्हाच कागदावरही काढून ठेवली होती. एकमेकींना जोडलेल्या पट्ट्यांच्या एका टोकाने आम्ही कागद गिरवायचा, दुसऱ्या टोकाला बांधलेली फळी किरणाखाली तशीच सरकायची. पेटी एकदाही बंद पडली नाही. मनोहरने फळी शर्टाने पुसली आणि वहिनींच्या मांडीवर ठेवली.

त्यांचं बोट रेघेवरून सावकाश फिरत गेलं. एका जागी थांबलं.

"इथला ठिपका सरकलाय."

"वहिनी, मशीन नाही चुकलं!" नंदू कागद घेऊन पुढे झाला. "कागदावर पण तस्साच आहे!"

मनोहरने कागद बघितला. मीही बघितला. खरंच सरकलेला होता.

वहिनींनी पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग हसून म्हणाल्या, "अहो, बक्षीस मिळालं तेव्हा हा कोणालाच दिसला नाही, आणि तेव्हा तर आपल्या सगळ्यांनाच दिसत होतं ना हो?"