दुसरी ओळ

युसुफभाई शब्द उशिरा द्यायचे. आमच्या हौशी नाट्यमंडळाचे ते प्रॉम्प्टर. विंगेत पुस्तक धरून उभे असत, आणि रंगमंचावर कुणी अडला की घाम आम्हाला फुटे, हे आपले शांत. माझ्या पहिल्याच प्रयोगात मी वाक्य विसरले. विंगेकडे पाहिलं तर यांनी नुसती मान डोलावली. वाक्य आठवलं, पण तोवर माझा जीव टांगणीला लागला होता. पडदा पडल्यावर मी त्यांना चांगलंच सुनावलं. ते हसून म्हणाले, "ताई, तुमाला येत हुतं की! ज्याला येतंय त्याला शब्द दिला, की त्याचं तोंड कायमचं बंद होतंय."

शुक्रवार पेठेत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. जुनी संगीत नाटकं त्यांना तोंडपाठ, आणि मुशायऱ्याचं तर वेडच. दोन्हींतलं शहाणपण गिऱ्हाइकांना फुकट मिळे. एकदा एक नवरा-बायको फ्रेम निवडता निवडता दुकानातच भांडायला लागली. युसुफभाईंनी नवऱ्याला खुर्ची दिली. "साहेब, नाटकात स्वगत असतंय बगा. शेजारी उभ्या नटाला ते ऐकू जात न्हाई. तुमी घरात सगळं स्वगत म्हणता, अन् वर बाईंनाच इचारता, तुला कळलं कसं न्हाई?" नवरा ओशाळला, बायको हसली, आणि दोघंही फ्रेम न घेताच निघून गेली.

मुशायऱ्याची गोष्ट तर ते येता-जाता सांगत. "शायर पैली ओळ दोनदा म्हणतो. का? ऐकणाऱ्याच्या काळजात जागा व्हावी म्हणून. मग दुसरी. आपण घरात एकदाच म्हणतो, अन् लगेच वरडतो, बहिरा हाईस का?"

जगाला एवढं शिकवणाऱ्या या माणसाच्या घरात मात्र दिव्याखाली अंधार होता. एकुलत्या एक मुलाने, इम्रानने, दुकान नाकारून कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये नोकरी धरली. तेव्हा रागाच्या भरात हे बोलून गेले, "पुन्ना ह्या उंबऱ्यात पाय ठेवू नको." त्यानेही ठेवला नाही. फोन करायचा तो आईला. पुढे एकदा माझ्या चष्म्याच्या काचा पुसताना युसुफभाई हळूच म्हणाले, "पोराशी बोलायचंय ताई. रोज फोन हातात घेतो अन् ठेवतो. पैलं वाक्यच सापडत न्हाई."

"मी सांगू, काय म्हणायचं ते?"

त्यांनी बोट वर केलं. "शब्द देऊ नका. येतंय मला."

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. इम्रान मिळेल त्या गाडीने धावत आला. दवाखान्यातून घरी आणल्यावर मी भेटायला गेले, तेव्हा त्यांनी मुलाचं मनगट घट्ट पकडलेलं होतं. ओठ थरथरले. "तू..." एवढंच आलं.

"तू ये म्हणताय का अब्बा? आलोय की! माफ केलं म्हणताय? पाणी पाहिजे?" इम्रान एकामागून एक शब्द पुढे करत होता, आई पण करत होती. युसुफभाईंनी डोळे मिटले आणि मान भिंतीकडे वळवली. मला राहवलं नाही. "इम्रान, शब्द देऊ नको रे. थांब."

आम्ही थांबलो. त्यांनी मान पुन्हा वळवली, मुलाकडे पाहिलं आणि सगळा जोर लावून म्हणाले, "तू..." पहिली ओळ दोनदा म्हणून झाली होती. आम्ही तिघं श्वास रोखून बसलो. दुसरी आली नाही. तीन दिवसांनी ते गेले.

इम्रान अजून फोन करतो. इकडचं तिकडचं बोलून झालं की विचारतो, "काकू, काय म्हणायचं असेल हो त्यांना?" त्याला बरं वाटेल अशी दहा वाक्यं माझ्या ओठांवर येतात. पण या नाटकाचं पुस्तक कुणाकडेच नाही. मी नुसती फोन कानाला लावून बसते, आणि तोही ठेवत नाही.