डोंबिवलीचा चंद्रोदय

मी दीड वर्षाची असताना माझा ताप डोक्यात गेला होता. बाबांनी मला कल्याणच्या एका दवाखान्यात ठेवलं आणि आई टिटवाळ्याला गेली. स्टेशनपासून देवळापर्यंत ती अनवाणी चालली आणि गणपतीला सांगून आली, पोरगी उठून बसली तर जन्मभर संकष्टी धरीन, चंद्र उगवेपर्यंत पाण्याशिवाय तोंडात काही घालणार नाही. त्याच दिवशी सकाळी डॉक्टरांनी इंजेक्शन बदललं होतं. संध्याकाळी ताप उतरला. मी नक्की कोणामुळे वाचले हा वाद तेव्हापासून आमच्या घरात सुरू झाला तो कधी मिटलाच नाही. बाबा म्हणायचे इंजेक्शन, आई म्हणायची टिटवाळा. मला कोणी विचारत नव्हतं, कारण मी दोन्ही पक्षांचा पुरावा होते आणि पुराव्याला मत नसतं.

बाबा डोंबिवलीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. देव मानत नसत, मोदक मानत. संकष्टीच्या दिवशी आई भुकेली आणि बाबा खुशीत, असं आमच्या घरात असायचं. दुपारपासून ओल्या नारळाचा आणि गुळाचा वास सुटलेला असे. बाबा शाळेतून आले की सारणाच्या पातेल्याभोवती घुटमळायचे आणि आई त्यांना उलथनं दाखवायची. नैवेद्याआधी चाखायचं नाही, एवढा धर्म त्यांनी नाइलाजाने पाळला.

एका बाबतीत मात्र ते सोवळ्यातल्या बाईपेक्षा कडक होते. प्रयोगाच्या वहीत खोटं रीडिंग त्यांना खपत नसे. उत्तर किती यायला हवं हे मुलांना ठाऊक असायचं, मग ती उलट्या बाजूने हिशेब करून लंबकाची रीडिंग बसवायची. बाबा अशी वही लगेच ओळखायचे. लाल पेनाने आडवी रेघ मारून खाली लिहायचे, ‘दिसलं ते लिहा, हवं ते लिहू नका.’ घरीही तेच. नको असलेल्या माणसाचा फोन आला आणि मी ‘बाबा घरी नाहीत’ म्हटलं की आतल्या खोलीतून खणखणीत आवाजात ‘आहे’ असं यायचं. मला इतका राग यायचा त्यांचा! खरं बोलण्याची हौस असावी, पण लोकांच्या पोरांना तोंडघशी पाडण्याइतकी असू नये.

चंद्रोदयाची वेळ स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरात पाहायची. ती वेळ झाली की आई ताम्हण घेऊन गॅलरीत यायची. समोर दुसरी इमारत, त्यामुळे चंद्र काही दिसायचा नाही. तो वर येईपर्यंत आणखी तास जायचा. पण कॅलेंडर म्हणतंय म्हणजे उगवला, एवढ्या विश्वासावर ती त्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे तोंड करून अर्घ्य द्यायची. बाबांनी एकदा मला संत्रं आणि टॉर्च घेऊन गच्चीवर नेलं. संत्रं फिरवून दाखवलं की पूर्वेकडच्या गावाला चंद्र आधी दिसतो, पश्चिमेकडच्या गावाला मागून. नागपूरला आपल्या आधी, बरंच आधी. मी विचारलं, मग कॅलेंडरात तर मुंबईची वेळ असते, डोंबिवलीला किती आधी? बाबांनी संत्र्यावर टाचणी टोचली. म्हणाले, मुंबई आणि डोंबिवली दोन्ही ह्या एका टाचणीखाली बसतात, फार तर एका मिनिटाचा फरक. ते एक मिनिट माझ्या डोक्यात पक्कं बसलं. गच्चीवरचा तो गार कठडा, टॉर्चच्या उजेडात चमकणारं संत्रं आणि शेवटी ते सोलून आम्ही दोघांनी खाल्लं, हे सगळं आजही जसंच्या तसं आठवतं. इतकं सुख पुन्हा कुठल्या शिकण्यात मिळालं नाही.

माझं लग्न झालं, मी ठाण्याला घोडबंदर रोडला राहायला गेले. पुढे काही वर्षांनी आईला साखर निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, उपाशी राहायचं नाही. आईने त्यांनाही स्पष्ट सांगितलं, महिन्यातला एक दिवस सोडून. गोळ्या बदलल्या, गोळ्यांच्या वेळा बदलल्या, आई बदलली नाही. बाबा समजावून थकले, मग भांडले. देवाला तुझ्या रिकाम्या पोटाचं काय करायचंय, असं एकदा रागाने बोलले. आई म्हणाली, पोरीचा जीव मागताना मी त्याला विचारलं नव्हतं की तुला काय हवंय, मीच बोलले होते, आता मागे कशी फिरू?  मी कोणाची बाजू घेणार? ज्या जिवासाठी हे सगळं चाललं होतं, तो माझा होता.

एका संकष्टीला, चंद्रोदयाला अर्धा तास असताना, आई स्वयंपाकघरात कोसळली. बाबांनी तिच्या तोंडात साखरेचं पाणी घातलं, थोड्या वेळाने ती शुद्धीवर आली. शुद्धीवर आल्यावर तिने पहिली गोष्ट कोणती केली असेल? उपास मोडला म्हणून ती रडली. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच कडकडीत उपास केला, आदल्या दिवशीचा भरून काढायला. बाबा दिवसभर तिच्यासमोर खुर्ची टाकून बसून होते, असं शेजारच्या काकूंनी मला नंतर सांगितलं.

पुढच्या संकष्टीला मी मुद्दाम डोंबिवलीला गेले. कॅलेंडरात चंद्रोदय नऊ दहाचा होता. साडेआठला आईने ताम्हण घेतलं, अर्घ्य दिलं आणि पानं वाढली. मी घड्याळाकडे बघत राहिले. आई कौतुकाने म्हणाली, अगं, आपण इतकी वर्षं चुकतच होतो, ह्यांनी परवा नीट समजावलं. बाबांनी तिला सांगितलं होतं की कॅलेंडरातली वेळ मुंबईची, आपण पूर्वेला. शिवाय आपण तिसऱ्या मजल्यावर, उंचावरून आधी दिसतो. शिवाय हवेमुळे किरण वाकतात, चंद्र खरा वर यायच्या आधीच दिसायला लागतो. तीनही गोष्टी खऱ्या होत्या. तिन्हींची बेरीज चार मिनिटांच्या वर जात नव्हती. बाबांनी चाळीस सांगितली होती.

मी बाबांकडे पाहिलं. ते खाली मान घालून मोदक फोडत होते.

जेवण झाल्यावर ते मला रिक्षास्टँडपर्यंत सोडायला आले. मी भांडायच्याच तयारीत होते. आईचा उपास मोडला ह्याचं मला काही नव्हतं, उलट बरंच वाटत होतं. राग आला होता तो त्या संत्र्यासाठी. मी म्हटलं, “बाबा, टाचणी एकच होती ना?”

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, “तिला चक्कर येते ती शेवटच्या तासात येते. त्या दिवशी हात गार पडले होते गं तिचे. तू नव्हतीस तिथे.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. रिक्षात बसल्यावर मात्र मला रडू आलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वहीवर लाल रेघ मारणाऱ्या माणसाने स्वतःच्या वहीत हवं ते लिहिलं होतं, आणि ते लिहिताना त्याला काय वाटलं असेल हे माझ्याइतकं कोणाला कळणार होतं?

त्यानंतर बारा-तेरा वर्षं आमच्या घरात चंद्र चाळीस मिनिटं आधी उगवला. बाबा दर महिन्याला कॅलेंडरासमोर उभे राहून गंभीर चेहऱ्याने वजाबाकी करत आणि वेळ सांगत. आई मान डोलवायची. शास्त्रातलं ह्यांनाच कळतं, असं शेजारणींनाही सांगायची. त्यातल्या दोघी-तिघींनी बाबांच्या वेळेने उपास सोडायला सुरुवात केली तेव्हा बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. आई पुन्हा कधी पडली नाही.

तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. आईला मी माझ्याकडे आणलं. इथे आम्ही बाविसाव्या मजल्यावर, समोर खाडी, पूर्व अगदी मोकळी. पहिली संकष्टी आली. कॅलेंडरात नऊ चोवीस होतं. पावणेनऊला आई ताम्हण घेऊन बाल्कनीत गेली आणि हात जोडून परत आली. म्हणाली, वाढ.

खाडीपलीकडे काळोख होता, चंद्राचा पत्ता नव्हता. इथे टाकीही नव्हती आड यायला. आता बाबा नाहीत, साखरही आटोक्यात आहे, हिला खरं सांगावं असं मला वाटलं. तिच्या नवसाचा प्रश्न होता, आणि तिला फसवण्यात आता मीही सामील होते. मी म्हटलं, “आई, फरक एका मिनिटाचाच असतो. बाबांनी मला लहानपणीच सांगितलं होतं.”

आई पान वाढून घेत होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, “ठाऊक आहे मला.”

“कसं?” मी विचारलं.

“स्वयंपाकघराची खिडकी विसरलीस? दोन इमारतींमधून फट होती ना, तिथून दिसायचा. जेवून भांडी घासायला घेतली की उगवायचा. पावसाळा सोडला तर कितीदा तरी पाहिलाय. कॅलेंडर सांगायचं त्याच वेळेला.”

म्हणजे आमच्या घरात निरीक्षण एकटी आईच करत होती. मी विचारलं, मग तू बोलली का नाहीस? नवस मोडतोय असं नाही वाटलं?

“पहिल्या महिन्यात वाटलं. साबणाचे हात तसेच जोडले आणि बाप्पाला सांगितलं, हा माणूस जन्मात खोटं बोलला नाही, आज माझ्यासाठी बोललाय. आता मी उपाशी राहिले तर तो खोटा ठरेल. तूच काय ते बघ.” तिने मोदकावर तूप घातलं. “बाप्पाने बघितलं असणार. बघ ना, एवढी वर्षं काढली मी.”

आम्ही जेवलो. नऊ पंचवीसच्या सुमारास खाडीपलीकडे लाल, थोडा खाल्लेला चंद्र वर आला. आई हात धुऊन बाल्कनीत गेली आणि पुन्हा एकदा हात जोडून उभी राहिली. ह्या खेपेला कोणासाठी, ते मी विचारलं नाही.

परवाच्या संकष्टीला सकाळी मी कॅलेंडर पाहिलं. नऊ पाच होतं. आईला सांगितलं, आज आठ पंचवीसला. मी गणपती मानते का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. आईने मान डोलवली आणि म्हणाली, शास्त्रातलं तुलाच कळतं.