परबांची जीभ

परब गेल्याचा फोन आला तेव्हा मी दादरला मासळीवालीसमोर उभा राहून गोब्र्याच्या तुकड्या निवडत होतो. निवडलेल्या तुकड्या तिच्या पाटीत परत ठेवल्या. "काय झाला रे दादा, ताजा हाय," ती म्हणाली. तिला काय सांगणार... की ज्या माणसाबरोबर मी एका गोब्र्याचा जीव वाचवत आख्खा दिवस बसलो होतो, तो माणूस गेला? आणि त्या गोब्र्यावर ती वेळ आणणारा मीच होतो?

समुद्राकाठच्या एका मत्स्यालयात आम्ही बरोबर होतो. मी ठाकूरद्वारचा बापट, तिकीटखिडकीवरून टाक्यांमागे बदली होऊन आलेला आणि पुस्तकं वाचून शहाणा झालेला. परब लालबागचे. खारेपणा मोजायचं यंत्र बिघडून कपाटात पडलं होतं आणि कुणाचंही त्यावाचून अडत नव्हतं, कारण परब रोज सकाळी प्रत्येक टाकीत करंगळी बुडवून जिभेला लावत. शिमग्याला गावी जाताना त्यांनी मला बजावलं, मागच्या खोलीत आजारी गोब्रा वेगळा ठेवलाय, त्याच्या टाकीतलं पाणी उडून कमी झालं की खुणेपर्यंत गोडं पाणी घालायचं. मी मनात हसलो. समुद्रातला मासा आणि गोडं पाणी? म्हातारा घाईत उलटं बोलला असं ठरवून मी पंधरा दिवस इमानेइतबारे समुद्राचं पाणी ओतलं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, हे चौथीतल्या पोराला कळतं. मी बी.एस्सी. होतो.

परब परतले त्या सकाळी गोब्रा तळाशी कलून पडला होता, कल्ल्यांची भराभर उघडमीट चाललेली. परबांनी करंगळी बुडवली, चव घेतली आणि माझ्याकडे वळले.

"गोडंच घातलंस ना रे?"

"हो."

एवढंच बोललो मी. परबांनी पुन्हा चव घेतली, चूळ भरली, तिसऱ्यांदा घेतली. मग हळूच म्हणाले, "म्हणजे माझी जीभच गेली." आणि माझ्या शब्दावर विसंबून ते पंप खोलून बसले, हवेच्या नळ्या एकेक तपासू लागले. मी शेजारी उभा राहून पाना देत होतो... पाना! मासा आणखी कलला. अर्धा तास असाच गेला. पोटाचा फिका पट्टा वर दिसायला लागला तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "काका, मी खारं घातलं. रोज."

ते ओरडले नाहीत. मी धावत जाऊन गोड्या पाण्याची बादली उचलून आणली, तर त्यांनी मनगट धरलं. एकदम ओतलंस तर आता खरंच मारशील, म्हणाले. मग स्टीलचा पेला घेतला. एक पेला खारं काढायचं, एक पेला गोडं घालायचं, थांबायचं, चव घ्यायची. प्रत्येक वेळी मलाही घ्यायला लावली. संध्याकाळी गोब्रा डुगडुगत सरळ झाला तेव्हा माझी जीभ सोलवटली होती. परब पेला पुसत म्हणाले, "मासा गेला असता तर रडून गप बसलो असतो. पण मेल्या, अर्धा तास तू माझी जीभच काढून घेतलीस माझ्याकडून."

शेवटची भेट त्यांच्या लालबागच्या खोलीत. काकूंनी पेज आणून दिली. एक घोट घेऊन परबांनी वाटी माझ्यापुढे धरली. घरातले सगळे म्हणतात मीठ घातलंय, मला लागत नाही, तू चाख, म्हणाले. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. त्यांच्या मागे उभ्या काकू मला डोळ्यांनी विनवत होत्या. मी चाखली.

"बोल रे बापट."

काकूंकडे न बघता मी म्हणालो, "मीठ नाही, काका. कणभरही नाही."

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. परबांनी वाटी माझ्या हातून घेतली. "म्हणजे शाबूत आहे," असं म्हणून ती आळणी पेज त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत संपवली.

तो स्टीलचा पेला मी मत्स्यालयातून ढापला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. सकाळी त्यातच पाणी पितो. नळाचंच असतं... तरी आधी करंगळी बुडवतो.