डाव्या गालातली चिमूट

डाव्या तळहातावर तंबाखू घ्यायची, नखाने चुना लावायचा, उजव्या अंगठ्याने मिनिटभर मळायचं, दोन थापा मारून भुकटी उडवायची आणि चिमूट डाव्या गालात सरकवायची. हे सगळं तो माझ्या दारासमोर, कंपनीच्या बसची वाट बघत करायचा. उडालेल्या भुकटीने मला शिंका यायच्या. मग तो "सॉरी हां, मॅडम" म्हणायचा, आणि तेवढ्यासाठी तोंड उघडतानाही खालचा ओठ वाटीसारखा पुढे काढायचा, आत साठलेलं सांडू नये म्हणून. पोरांनो, हे लिहितानाही मला मळमळतं. पण तुम्ही दूर परदेशात आहात, अशी माणसं तुम्हांला बघायला मिळत नाहीत, म्हणून नीट क्रमाने सांगते.

दौंडच्या आपल्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको सारिका भाड्याने राहायला आले, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. मूळचा शिरूरकडचा. शेती थोरला भाऊ बघायचा आणि हा कुरकुंभला एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडून ऑपरेटर म्हणून लागलेला. तिथे त्याला सगळे 'सेफ्टी' म्हणत, कारण पाळी सुरू होण्याआधी नव्या मुलांना हेल्मेट, मास्क आणि हातमोज्यांवर भाषण तोच द्यायचा. मी स्टुलावर चढून बल्ब बदलताना दिसले की जिन्यातून हाक यायची, "मॅडम, आधी मेन स्विच." मुलगा हुशार होता, यात शंका नाही.

आला तेव्हा तो सिगारेट ओढायचा. मग त्याची बदली अशा विभागात झाली, जिथे एक ठिणगी पडली तर अख्खी शेड उडेल. गेटवर काडेपेटी, लायटर जमा करून आत जायचं, मधे बाहेर यायचं नाही. एका आठवड्यात त्याची सिगारेट सुटली. मी त्याला शाबासकी दिली, पुरणपोळ्या वर पाठवल्या, इंग्रजीच्या शिकवणीला येणाऱ्या मुलांना त्याचं उदाहरणही दिलं. पंधरा दिवसांनी त्याच्या खिशात पुडी दिसली. त्या विभागातली सगळीच माणसं सिगारेटवरून पुडीवर आली होती. गेटवर पुडीबद्दल कुणी विचारत नव्हतं.

"धूर न्हाई, ठिणगी न्हाई, मंग धोका कसला?" तो मला समजावून सांगायचा. "ही सेफ हाय, मॅडम."

प्लांटचा नियम त्याने स्वतःच्या तोंडाला लावला होता. मागच्या महिन्यात तुमच्यापैकी एकाने व्हिडिओ कॉलवर मला हेच इंग्रजीत ऐकवलं, आंब्याच्या वासाच्या कुठल्याशा ई-सिगारेटच्या वाफेबद्दल. नाव घेत नाही.

आपल्या जिन्याचा कोपरा तुम्हांला आठवत असेल. त्याच्या पिचकाऱ्यांमुळे तो मी वर्षात तीनदा रंगवून घेतला. तिसऱ्या वेळी त्यालाच लाज वाटली आणि तो बाजारातून देवांच्या चित्रांच्या चार फरशा घेऊन आला. स्वतः सिमेंट कालवून त्या बसवल्या आणि म्हणाला, "आता कुणाची छाती हुणार न्हाई." जिना वापरणारी माणसं तीन, त्यांतल्या दोन बायका. तेव्हा 'कुणाची' हे काही गूढ नव्हतं. त्यानंतर तो देवांना हात जोडायचा आणि जिन्याच्या खिडकीतून खाली थुंकायचा. खिडकीखाली माझा कढीपत्ता होता. त्याचं पान मी पुन्हा कधी फोडणीला घातलं नाही.

तुम्हांला माझ्या याद्या ठाऊक आहेत. मी त्यालाही एक करून दिली. तरुणपणी लावलेल्या सवयी पुढे कॅन्सरसारखे आजार टाळायला उपयोगी पडतात, असं वाचलं होतं ते सगळं त्यात घातलं. रोज चालणं, अर्धं ताट भाजीचं, दारू बंद, वजन आटोक्यात, रात्रपाळीनंतर पुरेशी झोप. सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरांत, तंबाखू बंद. त्याने यादी मनापासून पाळली, फक्त दुसऱ्या ओळीपासून. बिअर सोडली. पोट उतरवलं. रात्रपाळीहून आला की माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत चालायला यायचा, वाटेत सफरचंदासारखा कच्चा टोमॅटो खायचा, आणि तो संपला की लगेच पुडी काढायचा. मग दर दोन खांबांआड एक पिचकारी. मी बोलले की म्हणायचा, "बाकी सगळं करतोय न्हवं? बॅलन्स हुतंय, मॅडम."

शेवटी मी रस्त्याच्या दुसऱ्या कडेने चालायला लागले. बोलताना त्याच्या तोंडाकडे न बघता कपाळाकडे बघायची सवय लावून घेतली. त्यामुळे जे चार महिने आधी दिसायला हवं होतं, ते मला दिसलं नाही.

सारिकानेच एकदा कपडे वाळत घालताना सांगितलं की हे हल्ली भाकरी दुधात कुस्करून खातात, मिरची सोसत नाही, वडापाव तर तुकडे करून आत ढकलतात. मी त्याला खाली बोलावलं. आमच्या शाळेत दातांचं शिबिर व्हायचं, तेव्हा डॉक्टर मुलांना तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगत. मी तेच सांगितलं. त्याची दोन बोटंही धड गेली नाहीत.

"माझी बोटं जाड हायत," तो म्हणाला. "कामाची बोटं हायत ही."

"मग सारिकाची घाल."

तिची दोन गेली, तिसरं दातांवर अडलं. तो हसला. हसतानाही तोंड तेवढंच उघडलं. मी टॉर्च आणला आणि पहिल्यांदाच आत पाहिलं. डाव्या गालात आत पांढरा चट्टा होता, कडेने लाल, साय फाटावी तसा. दातांच्या मुळाशी काळा थर. वास असा की मी टॉर्च टेबलावर ठेवून बेसिनपाशी जाऊन उभी राहिले.

दौंडच्या दातांच्या डॉक्टरांनी त्याच आठवड्यात पुण्याला जाऊन तुकडा तपासायला द्या असं लिहून दिलं. तो गेला नाही. दिवाळीनंतर कंपनीत कायम करायच्या माणसांची यादी लागणार होती. आता आजार कागदावर आला तर ठेकेदार आपल्याला बाजूला काढील, अशी त्याची खात्री होती. कायम झाल्याचं पत्र हातात पडलं की दुसऱ्या दिवशी जातो, असं त्याने सारिकाच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं.

मी संतापले. "प्लांटमध्ये आग लागली, तर पत्राची वाट बघशील का?"

"आग दिसती, मॅडम," तो म्हणाला. "हे तर दुखत बी न्हाई."

असे पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत त्याने एकच सुधारणा केली. डाव्या गालाला आराम म्हणून चिमूट उजव्या गालात ठेवायला लागला. ते ऐकून मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

पत्र आलं. तो पेढे घेऊन खाली आला, स्वतःच्या तोंडात घालायला त्याला पेढा कुस्करावा लागला. दुसऱ्या दिवशी, बोलल्याप्रमाणे, तो पुण्याला गेला. तपासायला काढलेल्या तुकड्यात कॅन्सर निघाला. डाव्या बाजूचा जबडा काढावा लागला, जिभेचाही काही भाग. मी भेटायला गेले तेव्हा त्याच्या नाकात नळी होती आणि चादरीखाली काहीतरी हलत होतं. उजवा अंगठा डाव्या रिकाम्या तळव्यावर फिरत होता. मी पाहिलेलं त्याच्या लक्षात आलं, तसे त्याने दोन्ही हात बाहेर काढून उघडे करून दाखवले. मग मोबाईलवर लिहिलं, "सोडली." खरंच सोडली होती. तुकडा काढला त्या दिवसापासून त्याने पुडीला हात लावला नाही. तळमळायचा, सारिकावर चिडायचा, एकदा ताट भिरकावलं, पण लावला नाही. सात महिने. मग गळ्याच्या गाठी वाढल्या आणि एकतिसाव्या वर्षी तो गेला.

दहावा शिरूरला, घोड नदीवर होता. मी न्हावऱ्यामार्गे बसने गेले. पिंड मांडले होते आणि कावळा शिवत नव्हता. कुणी म्हणालं, सारिकाला सांभाळू असं बोला. थोरला भाऊ बोलला. कुणी म्हणालं, नोकरीत मन अडकलं असेल. कंपनीचं हेल्मेट आणून ठेवलं. कावळे झाडावरच राहिले. तेव्हा त्याचे चुलते, ज्यांना सगळे आबा म्हणतात, पुढे झाले. त्यांचे दात, हिरड्या, ओठांचे कोपरे मला चार हातांवरून दिसत होते. त्यांनी स्वतःच्या खिशातली पुडी आणि चुन्याची डबी काढून पिंडाशेजारी ठेवली.

"ह्यात जीव अडकलाय पोराचा," ते म्हणाले, आणि तोंडातलं वाळूवर थुंकले.

बसलेल्या माणसांनी माना हलवल्या. एकाने पुडी उघडी करून ठेवा असंही सुचवलं. मी उठणार, तेवढ्यात सारिका उठली. डोक्यावरचा पदर सावरत ती पिंडापाशी गेली आणि वाकून तिने पुडी दोन बोटांत उचलली.

"सोडली व्हती त्यांनी, आबा," ती म्हणाली. "सात म्हैनं हात लावला न्हाई. आता पुन्यांदा त्यास्नी नका लावू."

तिने पुडी आणि डबी आबांच्या हातात दिली. आबांनी ती थोडा वेळ तशीच धरली, एकदा नदीकडे पाहिलं, आणि मग आपल्याच खिशात ठेवली.