व्हार्निश लागलेली मिसोल्तिनी

तोर्लेनो गावाला अधूनमधून इतिहासाचा झटका येतो. मग एखाद्या भिंतीवर संगमरवरी पाटी ठोकतात, कुठला तरी सरदार म्हणे इथे उतरला होता, आणि त्या भिंतीखाली पहुडलेलं मांजर हुसकून लावतात. एर्सिलियाचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. सरदार उतरो नाहीतर सरोवरात बुडो, तिचे मासे वाळले की झालं.

दर मे महिन्यात ती अगोने मासे खारवायची, दोरीत ओवून काठावरच्या लाकडी चौकटींवर उन्हात टांगायची, मग तमालपत्राचे थर देत डब्यात दाबून ठेवायची. हीच मिसोल्तिनी. शेजारणींनी एकेक करून अंग काढून घेतलं होतं. गावाच्या सणाची मिसोल्तिनी आता तिच्या एकटीच्या गळ्यात होती.

यंदा ती मासे घेऊन काठावर आली, तर चौकटी लखलखत होत्या.

"ओरेस्ते!" ती तिथूनच ओरडली. ओरेस्ते तिचा भाचा, गावचा न्हावी आणि आता महापौरही. गिऱ्हाईकाची अर्धी दाढी टाकून तो धावत आला.

"कसं दिसतंय, मावशी? व्हार्निश मारलंय. वारसा आहे आपला!"

"तुझ्या टाळक्याला मार ते व्हार्निश! मासे कुठे वाळवू आता, तुझ्या खुर्चीवर?"

"अगं, सुकलंय ते कधीच. उगाच किरकिर तुझी!"

खारवलेले मासे थांबणार नव्हते. तिने तणतणत ते टांगले. दुपारी ऊन चढलं आणि चौकटी हाताला चिकटायला लागल्या.

ऑगस्टमध्ये सणाच्या सकाळी तिने डबा उघडला. एक तुकडा चाखला आणि थुंकून टाकला. नुकती रंगवलेली खिडकी चाटावी, तशी चव. सगळं फेकून द्यावं असं वाटलं, पण मग तिच्या मनाने घेतलं, खाऊ देत. भर चौकात तोंडं वाकडी होऊ देत. मग गाव त्या ओरेस्तेला फैलावर घेईल, चौकटी खरवडून देईल, एखादी पोरगी शिकायलाही येईल. त्या आशेवर तिने मासे निखाऱ्यांवर शेकले.

ओरेस्तेने महापौराचा तिरंगी पट्टा बांधून वारशावर भाषण झोडलं. मक्याच्या घट्ट पोलेंताबरोबर मासे वाढले गेले. एर्सिलिया परात घेऊन वाट बघत उभी राहिली.

बेकरीवाल्या तुल्लियोने दुसऱ्यांदा मागून घेतले. ओरेस्ते तर डोळे मिटून चावत होता.

"व्वा, मावशी! अगदी आजीच्या हातची चव!"

"नीट चाव, मेल्या. वेगळं काहीच लागत नाही?"

"नाही गं. का, लागायला हवंय का?"

तिने सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली. माणसं मन लावून खात होती, बोटं चाटत होती. इतके महिने साठवलेला राग कुणावर काढावा, हेच तिला कळेना. आईच्या हातची चव आता गावात आपल्या एकटीच्या जिभेवर उरली आहे, हे मात्र कळलं. तिला रडू फुटलं, आणि त्या रडण्याचाही तिला संताप आला.

"मावशी, अजून दोन वाढ ना," ओरेस्ते म्हणाला.

तिने वाढले.