कणसांची पाटी

नव्वदच्या दशकाच्या मध्यात, एका फेब्रुवारीत, निरवांगीच्या शिवारात शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, उभ्या रानातून कंबाइन हार्वेस्टर चालला. शाळूसाठी तो माझ्या थोरल्या भावाने बदलला होता. त्या हंगामात निरवांगीचा शाळू आमच्या घरात आला नाही.

यंत्र मुळात गव्हाचं. गावातल्या एका बागायतदाराने ते जुनं विकत आणलं होतं. त्यांना सगळे तात्या म्हणत. गव्हाचा हंगाम सोडला तर यंत्र शेडमध्ये उभं राही, आणि उभं यंत्र तात्यांना बघवत नसे. भाऊ लोणी देवकरजवळच्या वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता. तात्यांनी त्याला बोलावून घेतलं.

आधी यंत्र हरभऱ्याला लावून पाहिलं. पहिल्या दिवशी टाकीत निम्मी डाळच पडली.

"गिरणीचा खर्च वाचला की रं, पोरा," तात्या म्हणाले. जमलेले हसले.

भावाने मळणीच्या ड्रमचा वेग कमी केला, ड्रम आणि त्याखालची जाळी यांच्यातलं अंतर वाढवलं. दोन-तीनदा चुकलं, मग अख्खा दाणा पडू लागला. तेव्हापासून तात्या त्याला मिस्तरी म्हणू लागले.

शाळूचं अवघड होतं ते कडब्यामुळे. यंत्र बुडातून कापायचं आणि कणसासकट सगळं ताट आत जाऊन त्याचा भुसा व्हायचा. तात्यांचा गोठा मोठा होता. "दाणं थोडं कमी आलं तरी चालंल, कडबा अख्खा पायजे," त्यांनी बजावलं. भावाने यंत्राचं कापणीचं तोंड कणसांच्या उंचीपर्यंत वर घेतलं, त्याखालचे आधार नव्याने जोडले. कणसं खाली गळू नयेत म्हणून पुढे पत्र्याच्या पन्हळी लावल्या, कणसं आत ओढणाऱ्या फिरत्या फळ्यांना जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलं. आता कणीस तेवढं आत जाणार होतं, ताट रानात उभं राहणार होतं.

हे काम तोवर बायांचं होतं. ताटं उपटायची, कणसं खुडायची, पेंढ्या बांधायच्या. मजुरी पैशात नव्हती. संध्याकाळी प्रत्येकीला कणसांची एक पाटी मिळे. आमच्या बौद्धवाड्यातल्या घरांची वर्षाची भाकरी या पाट्यांतून निघे. आमचीही.

एकदा जेवताना आईने विचारलं, "मग आमी काय करायचं?"

"कडबा उपटायला बाया लागणारच की, आय. उलट खुडायचं तेवढं वाचलं तुमचं."

"आन् पाटी?"

"ती कुठं जातीया?"

भावाला ते खरंच वाटत होतं. तात्यांना त्याने विचारलं नव्हतं.

यंत्र सकाळी चाललं. चाकांखाली आडवे झालेले पट्टे सोडले तर ताटं उभी राहिली, नुसती, बिनकणसाची. टाकी भरली. तात्यांनी यंत्रापुढे नारळ फोडला आणि "मिस्तरी, जिंकलास," असं सगळ्यांसमोर म्हणाले. तेवढ्यात बाया पाट्या घेऊन आल्या. आई पुढे होती.

"या, या. लागा उपटायला," तात्या म्हणाले.

"पाटी कशाची देणार, तात्या?" आईने विचारलं.

"कणसं राह्यलीत का आता ताटाला? रोज एक पेंढी कडबा न्या."

"आमच्या दावणीला जनावर न्हाय, तुमाला ठावं हाय. कडबा मी खाऊ व्हय?"

मागून एक बाई म्हणाली, "लेक मिस्तरी हाय तुझा. तुझ्या तोंडातबी ड्रम बसवंल की!" बाया हसल्या. आई हसली नाही.

भाऊ पुढे झाला. "तात्या, टाकीतलंच थोडं थोडं..."

"मिस्तरी, तू यंत्राचं बघ."

भावाने पाना उचलला आणि फळ्यांचे नटबोल्ट तपासायला लागला. ते सैल झाले नव्हते.

ऊन चढलं होतं. बाया पाट्या डोक्यावर पालथ्या घालून परत गेल्या. कडबा उपटायला तात्यांनी बाहेरगावची टोळी आणली, रोख रोजाने.

कऱ्हाटीला, मावशीच्या गावी, शाळू उशिरा पेरलेला होता आणि तिथे काढणी हातानेच चालली होती. आई तिकडे गेली. काढणी संपल्यावर एसटीच्या टपावर एक पोतं टाकून आली. पोतं उतरवायला भाऊ स्टँडवर गेला होता.

"तितं अजून पाटी देत्यात," आई त्याला म्हणाली.

त्याने पोतं सायकलवर घातलं. ते पावसाळ्यापर्यंत पुरलं. पुढे घरात रेशनचा गहू आला.

दिवाळीनंतर कऱ्हाटीचा एक शेतकरी तात्यांचं नाव सांगत वर्कशॉपवर आला. त्याला आपला कंबाइन शाळूला लावायचा होता. भावाने काम घेतलं. फेब्रुवारीच्या आत यंत्र तयार होऊन कऱ्हाटीला गेलं.